मुकीला आवतण

चैत्राचे दिवस होते. श्रीसुखदेव महाराजांचा मुक्काम तेव्हा निंबोडी गावी, आंबाईच्या काठच्या चिंचेखाली होता. आंबाई तशी लहानशीच नदी. डोंगरातून सावळी येऊन तिला मिळते, माळावरून खडकी मिळते, आणि गावाशेजारी मिळतो मुकी नावाचा ओढा. गाव या सगळ्यांना बहिणी मानी. पौर्णिमेला देवीची पालखी आंबाईच्या डोहावर न्हायला जाई. थोरल्या बहिणीच्या घरचे कार्य, म्हणून आधी धाकट्यांची ओटी भरून त्यांना आवतण द्यायची रीत होती.

पण मुकी पावसाळा सरला की आटे. म्हणून यात्रेचे मानकरी खंडेराव पाटील यांनी तिचे आवतण बंदच केले. मुकीच्या काठी वांगी-मिरच्या लावून पोट भरणाऱ्या तान्हूबाईला हे फार लागले. मुकीच्या वाळूतल्या झऱ्याचे पाणी तिने जन्मभर वाटीवाटीने भरले होते.

"पाटील, हिलाबी बोलवा की. पाठची भैन हाय ती."

"वाळूची ओटी भरू व्हय, म्हातारे?" पाटील खो खो हसले. "उद्या गावातल्या डबक्यालाबी मान मागशील!"

सगळी मंडळी हसली. तान्हूबाई डोळे पुसत घरी आली.

आणि काय नवल! पौर्णिमेच्या सकाळी पाहतात तो आंबाईचा डोह कोरडा ठणठणीत! पालखी काठावर खोळंबली. देवी न न्हाता परत गेली तर गावाने तोंड कुठे दाखवायचे? पाटील धावत महाराजांकडे आले.

महाराज हसून म्हणाले, "थोरली रुसली आहे, पाटील. घरात कार्य, आणि एका बहिणीला आवतण नाही?"

पाटलांची मान खाली गेली. महाराज काठावरच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या तान्हूबाईकडे वळले. "माय, तू मुकीकडे जा. तुझी शेजारीण आहे ती, तुझे ऐकेल."

तान्हूबाई लगबगीने निघाली. यात्रेसाठी जपून ठेवलेला चोळीचा खण तिने काढला. मूठभर तांदूळ घेतले. नारळ कुठला? तिने वाफ्यातले एक वांगे तोडले आणि ती ओटी वाळूवर मांडली.

"बाई, उशीर झाला खरा, पर मनात धरू नगंस. थोरलीकडं कार्य हाय. चल माझ्यासंगं."

वाळू ओली झाली, बुडबुडे आले, आणि बघता बघता पाणी उसळले! पुढे तान्हूबाई आणि मागे खळखळत मुकी! पाहुणीला वेशीवरून घेऊन यावे तशी म्हातारी तिला घेऊन डोहावर आली. ढोल कडाडले. बायकांनी फुगड्या धरल्या. कोरड्या पात्रात उभ्या असलेल्या पाटलांच्या पायांना पाणी लागले.

"पाटील, वहाणा काढा," महाराज म्हणाले. "बहीण दारात आली आहे, आणि तुम्ही वाट अडवून उभे!"

पाटलांनी वहाणा काढल्या. फेटा भिजला तरी मुकीच्या पाण्याला माथा टेकला, मग महाराजांच्या चरणांना. शेवटी ते तान्हूबाईपुढे वाकले. "माय, चुकलो. पुढच्या सालापासनं पयलं आवतण मुकीला, आन् ओटी तुझ्या हातची."

त्या दिवशी डोह भरला आणि देवी न्हाऊनच परतली. आजही निंबोडीत मुकीची ओटी आधी भरतात. नारळ असतोच, पण त्याच्या शेजारी एक वांगे ठेवल्याशिवाय ती ओटी पुरी होत नाही.