ऐंशी पानांचा साखरपुडा

फार जुनी गोष्ट नाही. शाळेत बाकं आली, त्यानंतरची आहे. एका गावात तुळशीराम नावाचा एक भोळा पोरगा राहायचा. सगळे त्याला तुळशा म्हणत. तुळशा नववीत होता. नववीत तो बराच काळ होता. बाकीची पोरं येत आणि पुढं जात, तुळशा आपल्या जागेवर असे.

गणिताच्या जगदाळे सरांना त्याची माया होती. त्यांनी एकदा त्याला जवळ बोलावून सांगितलं, "तुळशा, नुसतं वहीत गिरवून गणित येत नाही बघ. शाळेत जे शिकशील ते घरी गेल्या गेल्या वापर. मग डोक्यात बसेल."

तुळशाला हे पटलं. आणि एखादी गोष्ट पटली की तुळशा तिला सोडत नसे.

त्याच्या घरी आई, आबा आणि थोरली बहीण सुगंधा. सुगंधाचं लग्न जमवायचं चाललं होतं. एक स्थळ जमता जमता मोडलं होतं. त्यामुळं आबांचा जीव टांगणीला लागला होता. आता जो पाहुणा येईल त्याला नाव ठेवायला जागा मिळू नये, एवढंच ते उठता बसता म्हणत.

सरांनी आधी अपूर्णांक घेतले. "भाग करायचे तर सगळे सारखे हवेत," सर म्हणाले. "एक लहान, एक मोठा, असं चालत नाही."

तुळशा घरी आला. आई म्हणाली, "म्हशीला आणि रेडकाला पेंड घाल रे."

तुळशानं पेंडीचे दोन भाग केले. अगदी सारखे. म्हशीनं आपला भाग खाल्ला आणि आणखी काही येतंय का ते बघत राहिली. रेडकानं आपला भाग खाल्ला आणि आडवं झालं. त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

रेडकाचं पोट चोळत आबा म्हणाले, "अरे, लहानाला मोठ्याएवढं घालत्यात व्हय? काम भागंल एवढंच घालावं माणसानं."

"काम भागंल एवढंच," तुळशा म्हणाला, आणि ते त्यानं ध्यानात ठेवलं.

मग सरांनी टक्के घेतले. "शंभरापैकी किती, ते टक्के. परीक्षेचंच बघा. शंभरापैकी पस्तीस मिळाले की पोरगा पास."

तुळशाला बरं वाटलं. काम किती झालं म्हणजे भागतं, याचा नेमका आकडा त्याला मिळाला.

त्याच दिवशी शेवाळ्यांकडची माणसं सुगंधाला बघायला यायची होती. आई म्हणाली, "तुळशा, अंगण झाड. आणि पाहुणे बसले की पोह्यांच्या बशा भर."

तुळशानं आधी अंगण पावलांनी मोजलं. मग तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त झाडलं, आणि खराटा ठेवून दिला. झाडलेलं आणि न झाडलेलं यांच्यामध्ये दोरी धरल्यासारखी रेघ होती. रेघेच्या अलीकडे आरसा, पलीकडे शेण.

पाहुणे आले ते पलीकडून आले. पोराचे वडील गणपतराव शेवाळे म्हणजे मानपानाचे फार कडक. शेण चुकवत ते कसेबसे सतरंजीवर पोचले. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा दिगंबर. मग पोहे आले. बशीच्या एका कडेला थोडेसे पोहे, बाकीची बशी स्वच्छ.

"पोहे संपले वाटतं," गणपतराव म्हणाले.

"न्हाई काका. पातेलंभर हायेत," तुळशा म्हणाला.

"मग हे एवढेच?"

"पास हायेत की."

आबांनी मान खाली घातली. गणपतरावांचा हात चपलेकडं गेला. पण दिगंबरचं लक्ष दाराकडं होतं. तिथं सुगंधा पदर तोंडात धरून हसू दाबत उभी होती. "बाबा, चवीला चांगले झालेत पोहे," तो म्हणाला, आणि बशी चाटून पुसून रिकामी केली. त्याला वेळ लागला नाही.

साखरपुडा ठरला. मात्र उठताना गणपतराव आबांना बजावून गेले, "आज पोराकडं बघून गप्प बसलो. साखरपुड्यात असं काही झालं, तर पोराला घेऊन आल्या पावली परत जाईन."

ते गेल्यावर आई तुळशाला म्हणाली, "अरे बाबा, पुढं काय होणार त्याचा जरा अंदाज घेऊन वागत जा."

अंदाज कसा घ्यायचा ते तुळशाला माहीत नव्हतं. पण योग असा, की सरांनी पुढच्याच आठवड्यात संभाव्यता काढली. सरांनी नाणं वर उडवलं. "छापा पडेल का काटा? सांगता येत नाही. पडेल आणि न पडेल, शक्यता निम्मी निम्मी."

घरी खाटेवर साखरपुड्याचे पापड वाळत घातले होते. आई गिरणीत निघाली होती. आभाळाकडं बघून ती म्हणाली, "पाऊस येईलसं वाटलं तर पापड आत घे."

तुळशानं आभाळ बघितलं. येईल, न येईल, निम्मं निम्मं दिसत होतं. त्यानं एक पापड उचलला, एक ठेवला. एक उचलला, एक ठेवला. असे सगळे पापड त्यानं हाताखालून घातले आणि खाटेपाशी उभा राहिला. वळवाची सर आली आणि गेली.

दळण घेऊन आई परतली. खाटेवर पिठलं झालं होतं.

"हे काय रं?"

"पाऊस आला तर निम्मे वाचले. नसता आला तर निम्मे वाळले असते. कसंबी केलं तरी बरोबर."

आई खाली बसली. मग शांतपणे म्हणाली, "हे बघ. येईलसं वाटलं की आला असं धरायचं. येणार नाहीसं वाटलं की नाही असं धरायचं. एकदा धरलं ते धरलं. मग आभाळाकडं बघत उभं राहायचं नाही."

"एकदा धरलं की बघायचं नाही," तुळशा म्हणाला.

साखरपुड्याचा दिवस आला. समाजमंदिर झाडून काढलं होतं, आणि ते आईनं स्वतः झाडलं होतं. आमंत्रणं शंभर जणांना होती. आचारी अनुभवी होता. तो म्हणाला, "आबा, शंभर बोलावले की ऐंशी येतात. वीस माणसं येत नाहीत. ऐंशीचं करतो."

"ऐंशीचंच धरू," आबा म्हणाले. मग त्यांनी तुळशाला दारात उभं केलं. "मोजत ऱ्हा. नाक्यावरची टवाळ पोरं जेवायला शिरत्यात. ऐंशीच्या वर एक माणूस आत जाऊ देऊ नको. न्हाईतर पान कमी पडंल, आणि व्याही उठून जातील."

तुळशानं मान डोलावली. व्याही उठून जाऊ नयेत असं त्यालाही मनापासून वाटत होतं.

लोक येऊ लागले. गणपतराव जीपमधून मंडळी घेऊन आले, आत जाऊन बसले. ऐंशी माणसं झाली. तुळशानं दार लावलं आणि बाहेर पायरीवर उभा राहिला.

तेवढ्यात दिगंबर आला. त्याची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली होती.

"तुम्ही आलेला न्हाई," तुळशा म्हणाला.

"आलोय की. हा काय."

"दिसताय. पण वीस जण येणार न्हाईत असं धरलंय. तुम्ही त्यातले."

"अरे, साखरपुडा माझा आहे."

"व्हय. या की मग पुढच्या खेपेला."

शेजारच्या घरी नटायला बसलेली सुगंधा हिरवं लुगडं सावरत आली. तुळशानं तिलाही हात आडवा केला. "ताई, तूबी आलेली न्हाईस."

सुगंधानं भावाकडं बघितलं. त्याच्याशी वाद घालून काय होतं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती पायरीवर बसली. दिगंबर थोडं अंतर ठेवून बसला.

"तुम्हीही आला नाहीत का?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"मीही नाही."

मग दोघं हसत बसले.

आत भटजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडू लागले. आबा आणि गणपतराव धावत दाराशी आले. दार उघडून बघतात तर नवरा नवरी पायरीवर. गणपतरावांचा चेहरा लाल झाला. आबांना घाम फुटला. व्याह्यांना समजावायला ते त्यांना हाताला धरून बाहेर अंगणात घेऊन गेले, आणि जाता जाता तुळशाला म्हणाले, "आधी ह्या दोघांना आत घे. आमचं मागनं बघ."

तुळशानं क्षणभर मनात आकडा जुळवला. दोन गेले, अठ्ठ्याहत्तर उरले. दोन घेतले, पुन्हा ऐंशी. आपणही गेलो तर जास्त होईल म्हणून तो पायरीवरच राहिला. त्यानं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

आबांनी हातापाया पडून गणपतरावांना कसंबसं शांत केलं. "झालं ते झालं," गणपतराव म्हणाले. "पोरांचं होऊ द्या." दोघं दाराशी आले. आतून भटजींचा आवाज येत होता. लोक टाळ्या वाजवत होते.

"कडी काढ," आबा म्हणाले.

तुळशा कडीला पाठ लावून उभा राहिला.

"अरे, मी नवऱ्याचा बाप आहे," गणपतराव म्हणाले.

"व्हय काका. पण आत ऐंशी झाले. आता जी वीस माणसं येणार न्हाईत, त्यातली तुम्ही पहिली दोन."

"मग?"

"अजून अठरा जण यायचे न्हाईत," तुळशा म्हणाला. "ते आले न्हाईत की एकदम बघू."

आत साखर वाटली गेली. पंगत बसली. एक पान कमी पडलं नाही, एक जास्त झालं नाही. बाहेर पायरीवर दोन्ही व्याही शेजारी शेजारी बसले होते, आणि न येणाऱ्या अठरा जणांची वाट बघत होते.