खिंडीतल्या दिव्याची काच

“मग ही थंडी आत शिरते तरी कुठून, बाबा?”

निळकंठने उपरण्याच्या टोकाने खिडकीची काच पुन्हा पुसली. हात मागे घेतो न घेतो तोच तिच्यावर पांढरा पापुद्रा धरला.

भैरवबाबा चुलीपाशी बसून पायांचा बर्फ झटकत होते. खालच्या गावात एका आजाऱ्याला बघायला गेले होते, ते आत्ताच परतले होते. निळकंठचं चालूच होतं.

“मुंगी शिरायला जागा ठेवली नाही मी. दाराला घोंगडी ठोकली. फळ्यांच्या फटींत लोकर कोंबली. वरचा झरोकासुद्धा चिंध्यांनी बुजवला. बाळोबाने तो बारा महिने सताड उघडा टाकलेला! आणि तरी काचेवर बर्फ. तोही आतल्या बाजूने!”

“हं...”

हिमालयातल्या एका खिंडीखाली बाबांची ही लाकडी कुटी. खिंडीच्या तोंडाशी एक पाटी होती : पुढचा प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर करावा. पाटी रोवली की रोवणाऱ्यांचं काम संपलं. जबाबदारी उचलली ती वऱ्हाडातून आलेल्या या म्हाताऱ्याने. रोज दिवेलागणीला तो खिडकीत तेलाचा दिवा ठेवी. उतरणीवर एका अंगाला वाट, दुसऱ्या अंगाला दरी. उतरणारा माणूस तो दिवा नाकासमोर धरून चाले आणि जिवंत खाली येई.

गावातले भाबडे लोक याला सिद्धी म्हणत. सिद्धी कसली? तेल, वात, आणि एकही संध्याकाळ न चुकवणारा माणूस. सिद्धी त्यापेक्षा सोपी असावी.

निळकंठ यंदाच्या उन्हाळ्यात शिष्य म्हणून आला. संस्कृतचा पदवीधर. उपास कडक, मौन त्याहून कडक. “देहाची नऊ दारं मिटली की आतली ज्योत हलत नाही,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

थोरला गुरुबंधू बाळोबा त्यावर खो खो हसे. “नवातलं एक तरी उघडं ठेव रे निळ्या! पोट फुगेल!”

हाच बाळोबा मीठ आणि दिव्याचं तेल आणायला खिंडीपलीकडे गेला होता. आज परतायचा होता. तो येण्याआधी निळकंठला दाखवून द्यायचं होतं, की कुटी राखावी तर अशी. म्हणून ही सगळी ठोकाठोकी. म्हणून चूल भडकलेली, तिच्यावर पाण्याचं पातेलं खदखदत असलेलं, धुतलेल्या घोंगड्या आतच दोरीवर टाकलेल्या. कुटी कशी उबदार झाली होती!

बाहेर अंधारू लागलं. खिडकीत दिवा जळत होता. काच मात्र चुन्याने सारवल्यासारखी.

तेवढ्यात वरून, वाऱ्यात फाटत आलेली हाक...

“निळ्याऽऽ! दिवा कुठाय रेऽऽ?”

 दाराची घोंगडी बाजूला सारून, दिवा उचलून निळकंठ बाहेर धावला. वाऱ्याने ज्योत एका फटक्यात विझवली.

“थांब रे! तिथेच थांब!” तो ओरडला. वारा समोरून होता. शब्द त्याच्याच तोंडावर परत आले.

तो आत आला. दिवा पेटवला, खिडकीत ठेवला, काच पुसली. पुसली तशी ती पुन्हा पांढरी झाली.

“ऊब कमी पडतेय, बाबा. लाकडं घालतो. पातेल्यात आणखी पाणी...”

बाबा उठले. दाराशी पडलेली पितळी थाळी त्यांनी उचलली. गार, आरशासारखी. ती निळकंठच्या तोंडासमोर धरली.

“बोल.”

“काय बोलू? तिकडे बाळोबा...”

थाळी धुरकटली. कडेने एक थेंब ओघळला.

“हे बाहेरून आलं?”

निळकंठ थाळीकडे पाहत राहिला. मग खदखदत्या पातेल्याकडे. मग दोरीवरच्या ओल्या घोंगड्यांकडे.

“नाही...” तो म्हणाला. “हे माझंच.”

बाबांनी पातेलं उचलून बाहेर बर्फात ओतलं. घोंगड्याही बाहेर फेकल्या. मग काठीचं टोक वर झरोक्याकडे केलं.

“बाबा, सगळी ऊब जाईल!”

“बाळोबा बाहेर आहे.”

निळकंठ फळीवर चढला. दातओठ खाऊन बसवलेल्या चिंध्या त्याने दातओठ खाऊनच उपसल्या. थंडी सुरीसारखी आत आली. कुटीतली दमट वाफ मात्र त्याच झरोक्याने वर निघून गेली.

बाबा थाळीच्या काठाने काच खरवडत होते. पापुद्रे गळून पडले. काचेवर पुन्हा धुकं धरलं... पण विरळ. पुन्हा खरवडलं. आणखी विरळ.

निळकंठ दिव्यावर वाकून पाहत होता.

“बाजूला हो,” बाबा म्हणाले.

तो बाजूला झाला.

काच स्वच्छ राहिली. ज्योत तिच्यामागे सरळ उभी होती.

वरून काहीच ऐकू येईना. वारा... नुसता वारा.

निळकंठला त्या घटकेला एकही श्लोक आठवला नाही.

आणि मग, खूप डावीकडून, दरीच्या अंगाने :

“दिसलाऽऽ! दिसला रेऽऽ!”

बाळोबा आत आला तेव्हा त्याच्या दाढीत बर्फाचे मणी होते. गुडघा फुटला होता. पाठीवरचा तेलाचा डबा शाबूत होता. त्याने आधी बाबांच्या पायांना हात लावला, मग वर पाहिलं.

“झरोका उघडा? मला वाटलं, एव्हाना निळ्याने बुजवला असेल!”

“बुजवला होता,” निळकंठ म्हणाला.

 दरीची कड बाळोबाने पायाखाली अनुभवली होती. शिवी हासडली असती तरी शोभली असती. पण तो माणूस बाबांकडे राहिलेला होता.

“मग? फुगलं ना पोट?”

निळकंठला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याने आपली घोंगडी काढून बाळोबाच्या अंगावर टाकली. झरोक्यातून येणारी थंडी आता त्याच्या उघड्या मानेवर पडत होती.

“बाबा...” तो कुडकुडत म्हणाला, “हा झरोका कधीपर्यंत उघडा ठेवायचा?”

बाबांनी वात किंचित पुढे सारली.

“श्वास घेतोस तोवर.”