पोटाच्या जागी नारळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा प्राणी माणसांसारखे बोलत, आणि माणसांसारखंच काही गोष्टी बोलायचं टाळतही.

एका जंगलात हत्ती राजा होता. मनाने चांगला, पण पोटाच्या बाबतीत फार हळवा. एकदा एक माकड त्याच्या पोटाला डोंगर म्हणालं, तर राजा रुसून जेवलाच नाही. राजा उपाशी म्हणून दरबारही उपाशी. तेव्हापासून दरबारात पोटाचा विषय बंद झाला.

त्या साली नदी आटली. राजाच्या अंघोळीला एक तळंच काय ते उरलं. तळ्याच्या काठाशी मुंग्यांचं वारूळ होतं आणि वारुळात अंडी होती. म्हणून जंगलाच्या रीतीप्रमाणे आधी पाण्याची परीक्षा ठरली. राजाच्या एकेका अवयवाएवढे दगड तळ्यात बुडवायचे, सगळे मिळून पाणी कुठवर चढतं ते बघायचं, आणि काठच्यांनी राहायचं की हलायचं ते सांगायचं.

हे काम प्रधान कोल्ह्याकडे होतं. त्याने पायांसाठी चार दगडी खांब बुडवले. डोक्यासाठी गोल धोंडा बुडवला. सोंडेसाठी निमुळता दगड शोधला, कानांसाठी फरशा आणल्या, शेपटीलाही विसरला नाही. पाणी वारुळाच्या बरंच खाली थांबलं.

एक म्हातारी मुंगी काठावरून बघत होती. ती म्हणाली, "प्रधानजी, मधलं राहिलं की."

"कुठलं मधलं?"

"हे सगळं ज्याला जोडलंय, ते."

कोल्ह्याने राजाकडे चोरून पाहिलं. राजा आभाळाकडे बघत होता. मग कोल्ह्याने एक नारळ उचलला आणि अदबीने पाण्यात सोडला. नारळ बुडलासुद्धा नाही.

"झालं," कोल्हा म्हणाला. "मुंगीबाई, निर्धास्त राहा. मी स्वतः इथेच बसतो."

दगड बाहेर काढले. राजा पाण्यात उतरला आणि सुखावून उताणा झाला. पाणी काठ ओलांडून धावलं आणि वारुळात शिरलं. मुंग्या तोंडात अंडी धरून बाहेर पडल्या. कोल्हा पाय घसरून तळ्यात गटांगळ्या खाऊ लागला. चहूकडे पाणी, आणि मधोमध एकच कोरडी जागा. सगळे धडपडत तिच्यावर चढले.

राजाने मान उचलून पाहिलं. पोटावर मुंग्या, त्यांची अंडी आणि कुडकुडणारा प्रधान.

"हे काय चाललंय?" राजाने विचारलं.

म्हातारी मुंगी म्हणाली, "काही नाही महाराज, नारळावर बसलोय."

राजाला हसू फुटलं, पण पोट हललं तर अंडी पडतील म्हणून त्याने ते दाबलं. काही अंडी वाहून गेल्याचं कळलं, तेव्हा उरलंसुरलं हसूही गेलं. पाणी ओसरेपर्यंत तो हललाही नाही.

पुढच्या अंघोळीआधी पोटासाठी दगड राजाने स्वतः निवडला. जंगलातला सगळ्यांत मोठा. तो तळ्यापर्यंत ढकलत नेला एकट्या कोल्ह्याने.

तात्पर्य: तुकड्या-तुकड्याने मोजून बेरीज करताना, बोलायला अवघड वाटणारा तुकडा गाळला, तर बेरीज चुकते एकाची आणि घर बुडतं दुसऱ्याचं.