चेटक्यांची पुढारीण ढवळाई

ढगांपलीकडच्या मुलखात चेटक्यांची एक जमात होती. त्यांचा पुढारी वारला, आणि आपल्यातलाच कुणी वर चढावा हे एकालाही सोसेना. मग ठरलं, दुसऱ्या दुनियेतल्या गोष्टीतलं माणूस पुढारी म्हणून आणायचं. मंतर टाकला, तर ढवळाई आली.

ढवळाईच्या गोष्टीतले राजाराणी कधीच गेले होते, ती गोष्ट सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. ओस गावात ती एकटीच दोन ताटं वाढायची न् एक तसंच उचलायची. इथं माणसांचा गलका ऐकून तिचा जीव थाऱ्यावर आला. परत जायचं तिच्या मनात नव्हतं.

पण थोरला चेटक्या भैरोबुवा अडून बसला. "बाई, तू गोष्टीतली, म्हणजे खोटी. आम्ही खरे. खऱ्यांनी खोटीचं का ऐकावं? आल्या वाटेनं जा."

"जाते, बुवा. जाता जाता एवढं ऐका. ढगांपलीकडं चेटक्यांची एक जमात होती."

"हूं," सवयीनं भैरोबुवा म्हणाला.

"त्यांच्यात एक थोरला चेटक्या होता, भारी ताठ मानेचा."

"हूं."

सगळी जमात हसायला लागली. ढवळाई म्हणाली, "बुवा, हुंकार गोष्टीलाच देतात. तुम्ही तो तुमच्याच हकिकतीला दिलात, मग तुम्हीही गोष्टीतलेच की."

मग भैरोबुवानंच गादी झटकून तिला बसवलं आणि हळूच विचारलं, "त्या जमातीचं पुढं काय झालं गं?"

"पुढचं मला ठाऊक नाही, बुवा," ढवळाई म्हणाली. "माझ्या गोष्टीचंही पुढचं ऐकायला आजवर कुणी थांबलंच नव्हतं."