बहिरी की शिकरा?

"…मग सांगा ना बाबा, श्रेष्ठ कोण? बहिरी की शिकरा?"

रायाजीच्या उजव्या हातावर बहिरी होती, ससाण्याची मादी, डोळ्यांवर कातडी टोपी घातलेली. डाव्या हातावर शिकरा, छोटा शिकारी पक्षी, उघड्या पिवळ्या डोळ्यांचा.

उद्या तळ्याकाठी सरदारांसमोर यांतला एकच सोडायचा होता. शिकारखान्याचा मुख्य कोण, ते त्यावर ठरणार होतं. ते काम दाऊदबाबांनी तीस वर्षं केलं होतं. आता ते टेकडीवर फकिरासारखे राहत, आणि रायाजी त्यांनाच विचारायला आला होता.

"तुला काय वाटतं?"

रायाजीला हेच हवं होतं.

"बहिरी ढगातून खाली येते. बदकाला कळायच्या आत बदक मेलेलं. पण तिला मोकळं आभाळ लागतं. शिकरा हातावरूनच झेपावतो, झुडपात शिरून लावा पक्षी उचलतो. पण दम कमी. मी म्हणतो, बहिरीच! अख्ख्या पंचक्रोशीत एवढा अभ्यास कुणाचा नाही, बाबा."

"खरं आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी दोन्ही पाखरांच्या छातीवरून एकेक बोट फिरवलं. छातीचं हाड बोटाला लागेना, इतकी ती खाऊन भरली होती.

"काय चारतोस?"

"आठ दिवस रोज ताजं कबुतर. उद्या चारचौघांत कशी तजेलदार दिसायला हवीत!"

"हं… सोड बघू बहिरीला."

रायाजीनं शिकरा बाबांच्या हातावर दिला, ऐटीत बहिरीची टोपी काढली, पायांतली दोरी सोडली आणि हात उंच केला.

बहिरी उडाली. समोरच्या चिंचेवर जाऊन बसली आणि पिसं साफ करू लागली.

रायाजीनं शीळ घातली. मांसाचा तुकडा दाखवला, हलवला, वर उडवला. बहिरीनं मान फिरवली. शिकऱ्यासमोर तुकडा धरला, तर त्यानंही चोच लावली नाही.

…

खूप वेळ तो चिंचेखाली उभा होता. परत आला तेव्हा घसा बसला होता.

"बाबा, मेलो मी. आता उद्या काय करू?"

"पोट भरलेलं पाखरू हाकेला येत नाही. सरदारांना खरं ते सांग."

"माझी चूक? सगळ्यांदेखत? बाबा, माझ्याएवढं जाणणारा माणूस…"

बाबांनी हात पुढे केला आणि त्याच्या छातीवरून हळूच एक बोट फिरवलं.

"बहिरी दोन दिवसांत खाली येईल रे," ते म्हणाले. "तुला वेळ लागेल."