दाजीबांचं नख

“सांगा की दाजी, ह्यातली जुनी फळी कंची अन् माझी कंची?”

वामन पांचाळनं हे छाती पुढे काढूनच विचारलं. का नाही काढायची? थंड हवेच्या त्या गावात व्हिक्टोरिया राणीच्या काळातले नऊ बंगले एका ओळीत उभे होते. त्यांचं सडलेलं लाकूड बदलून ते पुन्हा जसेच्या तसे करायला त्यानं आयुष्यातली अकरा वर्षं घातली होती. आता लांबलांबून लोक ते बघायला येत. आज त्याचे गुरू आले होते.

दाजीबा मिस्त्रींच्या खांद्याला पिशवी होती. तिच्यात त्यांचा रंधा आहे, हे वामननं बाहेरूनच ओळखलं आणि त्याचा जीव त्या पिशवीत अडकला.

दाजींचा शब्द सगळ्या शिष्यांना ठाऊक होता. ज्याच्या सांध्यावर माझं नख अडणार नाही, त्याला माझा रंधा. आजवर तो कुणालाही मिळाला नव्हता.

दाजींनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख व्हरांड्याच्या कठड्यावरून ओढत चालू लागले...

एक बंगला झाला. दुसरा झाला. जिने, दारं, खिडक्यांच्या चौकटी. सांधा आला की वामन श्वास रोखून धरी. नख सरळ पुढे जाई.

“हितं सांधा हाय का रं?”

“हाय की, दाजी.”

“कुठं?”

“तुमच्या नखाखालीच.”

“हं...”

वामनला आकाश ठेंगणं झालं.

नवव्या बंगल्याच्या पायरीवर दाजी टेकले. बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“माज्या हातनं हे झालं नसतं, वामन्या.”

वामनचे डोळे भरून आले. अकरा वर्षं तो या एका वाक्यासाठी राबला होता.

दाजींनी पिशवीतून रंधा काढला. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. वामननं दोन्ही हात पुढे केले... आणि मागे घेतले.

“हितं नको, दाजी. फाटकापाशी द्या. माणसं हायती तिथं. माज्या पाटीखाली द्या.”

दाजी उठले.

फाटकाच्या खांबात सपाट बसवलेली पितळेची पाटी चकाकत होती. ‘हे नऊ बंगले वाचवणारे : वामन पांचाळ.’ अक्षरं चांगली उठावाची होती. वामननं ती स्वतः उभं राहून करून घेतली होती. आताही त्यानं बाहीनं ती एकदा पुसली आणि तिच्याखाली ताठ उभा राहिला. बघायला आलेली माणसं भोवती जमली.

दाजींनी पुन्हा डोळे मिटले. अंगठ्याचं नख खांबाच्या लाकडावरून सरकत वर आलं, न अडता पाटीवर गेलं आणि नावाच्या पहिल्याच अक्षराशी थांबलं...

त्यांनी रंधा पिशवीत परत ठेवला.

“हितं अडतंय बघ, पोरा.”