वेखंडाचं बोट

“अप्पा, हा बोलेल ना?”

साखरे मास्तरांनी बसूला पुढे केलं. पोरगा चार वर्षांचा होत आला होता आणि तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

सीमेवरच्या त्या गावात मुलाला बोलायला उशीर झाला की त्याला मठात आणत. मठाचे वृद्ध अप्पा वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावत.

अप्पांनी सहाण ओढली. “घरात काय बोलता?”

“फक्त मराठी. शुद्ध.” मास्तरांची मान ताठ झाली. “माझी शाळेतली पोरं भाषणात बक्षिसं आणतात, अप्पा. ही माहेरची कानडी. दोन भाषांत पोर गोंधळतं असं लोक म्हणाले, म्हणून घरात हिची कानडी बंद केली.”

दाराशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, गौरव्वानं, खाली पाहिलं.

“मग?”

“आधी कानडीत आईला ‘अव्वा’ तरी म्हणायचा... तेही गेलं.” मास्तरांचा शाळाभर घुमणारा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. “भीती वाटते, अप्पा. जत्रेत हरवला तर नाव कोणाला सांगेल? कुठे पडला तर हाक कशी मारील?”

अप्पा उगाळत राहिले.

बोलण्याच्या नादात बसू कधी उठला, कळलंच नाही. दिसला तेव्हा अंगणातल्या विहिरीच्या काठावर वाकला होता.

गौरव्वा ताडकन उभी राहिली. तोंड उघडलं... आवाज फुटला नाही.

मास्तर धावले. सदरा हाताला लागला म्हणून पोर वाचलं. त्याच्या पायाखालचा खडा मात्र आत गेला. बऱ्याच वेळानं खाली पाणी वाजलं.

“तुला दिसत होता ना? ओरडली का नाहीस?”

गौरव्वा जवळ आली. “अहो... तोंडात कानडीच आली. ती गिळली. मराठी शोधेपर्यंत...”



मास्तरांनी बसूला अप्पांसमोर बसवलं आणि हनुवटी धरून त्याचं तोंड उघडलं.

“लावा अप्पा. लवकर लावा.”

अप्पांनी सहाण उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली.

“मी लावू?”

अप्पांनी मान डोलावली. मास्तरांनी वेखंडात बोट बुडवलं. ते मुलाकडे वळले, तसा अप्पांनी त्यांचा हात धरला आणि गौरव्वाकडे वळवला.

“अप्पा... मुका तर हा आहे!”

“आधी तिच्या जिभेला लाव, मास्तर.”